टफी रडत नाही, म्हणून तिला दुखत नाही असं नाही

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला जे समजलं ते आधी थोडक्यात मांडते. टफी तुमची साडेदहा वर्षांची लॅब्राडोर, वजन 39 किलो. पावसाळा सुरू झाल्यापासून मागच्या पायांनी लंगडते, सकाळी उठायला वेळ घेते, तिसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच बसते, आणि तुमच्याकडे लिफ्ट नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढून दोन्ही खुब्यांत संधिवात असल्याचं सांगितलं, मेलोक्झिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध सुरू केलं. आठवडाभरात ती पुन्हा दारात धावायला लागली. मग कुणीतरी 'किडनी जाते' म्हणालं, तुम्ही औषध थांबवलं आणि दुखणं परत आलं. वडील म्हणतात, वय झालंय, ती रडत नाही, भांडं चाटूनपुसून जेवते, म्हणजे फार त्रास नसणार. शेजारी म्हणतात, कॉम्बिफ्लामची अर्धी गोळी द्या. आणि तुमचा शेवटचा प्रश्न असा की रोजच्या औषधाने तिचं आयुष्य कमी होईल का.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल आधी सांगते, कारण ते आज रात्रीही घडू शकतं. कॉम्बिफ्लाम देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. त्यात आयब्युप्रोफेन असतं. ते माणसाला चालतं, पण कुत्र्याच्या पोटात त्याने अल्सर होतात, रक्तस्राव होतो, आणि मात्रा जास्त झाली तर किडनी बंद पडते. घरात आजोबांसाठी आणलेलं डायक्लोफिनॅकही तसंच. त्याचा मलमही धोक्याचा. कुणी गुडघ्याला लावून बसलं आणि कुत्र्याने तो गुडघा किंवा हात चाटला, की औषध थेट पोटात जातं. (हेच डायक्लोफिनॅक गुरांना दिलं जायचं आणि त्या गुरांचे मृतदेह खाऊन आपल्याकडची गिधाडं मेली. म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पर्याय म्हणून पुढे आलं ते मेलोक्झिकॅम, म्हणजे टफीचंच औषध.) आणि घरात मांजर असेल तर लक्षात ठेवा, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही औषधाबद्दल विचारलंय, पण मला वाटतं खरी अडचण अशी आहे की टफीला किती दुखतंय याबद्दल घरात एकमत नाही. ते होत नाही तोवर औषध सुरू-बंद होत राहणार.

मी बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतेय. संधिवाताचं कुत्रं रडत माझ्याकडे येतं असं फार क्वचित होतं. पायात काटा गेला, शेपटी दारात सापडली, तर ते केकाटतं. रोजचं, हळूहळू वाढत गेलेलं दुखणं कुत्रं सोसतं आणि आपली हालचाल कमी करत जातं. घरच्यांना दिसते ती ही कमी झालेली हालचाल, आणि तिला आपण 'शांत झाली' किंवा 'वय झालं' म्हणतो. लॅब्राडोरच्या जेवणावरून तर काहीच ठरवू नका. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी या जातीतला एक जनुकीय दोष शोधला. दर चार लॅब्राडोरांपैकी साधारण एकात तो सापडतो आणि त्यामुळे भूक अधिक लागते. पाय मोडलेला लॅब्राडोर माझ्या टेबलावर पडल्या पडल्या बिस्किटासाठी मान उंचावतो, हे मी पाहिलंय.

मग बघायचं काय? ती उठते कशी, ते बघा. निरोगी कुत्रं मागचे पाय पोटाखाली घेऊन एका दमात उभं राहतं. खुबा दुखत असलेलं आधी पुढच्या पायांवर उठतं, क्षणभर तसंच बसून राहतं, मग पुढच्या पायांनी अंग ओढून मागचं धड वर काढतं. पहिली चार-सहा पावलं आखडलेली, नंतर जरा मोकळी होतात. जिना चढताना दोन्ही मागचे पाय जोडून सशासारख्या उड्या मारतं. शू करताना नीट बसत नाही, अर्धवट वाकते आणि लगेच उठते. रात्री पंखा चालू असताना, उकाडा नसतानाही धापा टाकते, जागा बदलत राहते. कंबरेला हात लावला की मान वळवून बघते. एकच सांधा सारखा चाटून तिथले केस तांबूस होतात. पूर्वी नातवंडांना अंगावर लोळू देणारी आता उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आणखी एक करा. तिच्यामागे बसून दोन्ही मांड्या हाताने चाचपा. लॅब्राडोरचे केस दाट असल्यामुळे डोळ्यांना कळत नाही, पण हाताला कळतं. खांदे भरलेले आणि मांड्या उतरलेल्या लागल्या, तर ती कित्येक महिन्यांपासून भार पुढच्या पायांवर टाकतेय. माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची टेप असते. दर भेटीत मी मांडीचा घेर मोजून लिहून ठेवते. मालकांना तो आकडा दाखवला की 'तिला दुखत नाही' हा वाद तिथेच संपतो. वडिलांना हे हाताने बघू द्या. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

इथे एक सांगायला हवं. मी टफीला तपासलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय. एक्स-रेमध्ये संधिवात दिसला म्हणजे लंगडण्याचं कारण तेवढंच, असं दर वेळी नसतं. एक पाय अचानक उचलून धरायला लागली, फक्त बोटं टेकवते असं झालं, तर गुडघ्यातला लिगामेंट तुटला असू शकतो. वजनदार लॅब्राडोरांमध्ये हे सर्रास होतं. आज हा पाय, दोन दिवसांनी तो, सोबत ताप, मरगळ, हिरड्या फिक्या, असं असेल तर गोचीडताप. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड फार, त्यामुळे अशा कुत्र्याची रक्ततपासणी केल्याशिवाय मी संधिवाताचं औषध लिहीत नाही. एकाच हाडावर टणक सूज आणि औषधालाही न जुमानणारी वेदना असेल, तर हाडाचा कॅन्सर आहे का ते बघावं लागतं. आणि पाय दुखत नाही पण फरफटतो, पंजा उलटा टेकतो, नखं वरच्या बाजूने घासली गेलीत, तर दुखणं सांध्यात नाही, मणक्यात किंवा नसांत आहे. टफी मेलोक्झिकॅमवर झटकन सुधारली, यावरून तिचं कारण सांध्यातच असावं असं मला वाटतं. पण वरचं काही दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता किडनीची भीती. ती निराधार नाही, म्हणून नीट समजून घ्या. मेलोक्झिकॅम, कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे सांधा सुजतो आणि दुखतो. ही औषधं ती द्रव्यं कमी करतात. पण तीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. त्यामुळे धोका कधी वाढतो, हे आपल्याला आधीच माहीत असतं. कुत्रं उलट्या-जुलाबांनी कोरडं पडलंय, काही खात नाही, किडनी किंवा लिव्हर आधीपासून कमजोर आहे, किंवा सोबत स्टेरॉइड चालू आहे, तेव्हा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. मेलोक्झिकॅम चालू असताना कुणी 'ताकदीचं' किंवा 'खाजेचं' इंजेक्शन देत असेल, तर त्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड आहे का ते विचारा. दोन्ही एकत्र आली तर जठराला भोक पडेपर्यंत मजल जाऊ शकते. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मधे काही दिवस सोडावे लागतात आणि ते डॉक्टरच ठरवतात.

म्हणून माझी पद्धत अशी. औषध सुरू करण्याआधी रक्तात क्रिएटिनिन, युरिया, लिव्हरची एन्झाइम्स आणि सोबत लघवीची तपासणी. साधारण महिन्याभराने तेच पुन्हा. सगळं ठीक असेल तर पुढे दर चार-सहा महिन्यांनी. औषध कायम जेवणानंतर, पाणी कायम समोर. उलटी झाली, जेवण नाकारलं, शी काळी डांबरासारखी झाली, तर त्या दिवशी गोळी नाही, आणि लगेच फोन. एवढं सांभाळलं तर बहुतेक कुत्री ही औषधं दीर्घकाळ नीट घेतात. दुखणं काबूत आल्यावर मी मात्रा हळूहळू कमी करत, जेवढ्यात ती आरामात राहते तेवढ्यावर आणून ठेवते. पण हे कमी करणं डॉक्टरांच्या हातात राहू द्या.

मात्रेवरून आठवलं, औषधाच्या दुकानातून माणसांची मेलोक्झिकॅम आणून देऊ नका. कुत्र्याची नेहमीची मात्रा किलोमागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम असते. म्हणजे टफीला साधारण 4 मिलिग्रॅम. माणसांची गोळी येते साडेसात किंवा 15 मिलिग्रॅमची. 'औषध तेच आहे' म्हणून दिलेली एक गोळी दुप्पट नाहीतर जवळजवळ चौपट पडते, आणि या औषधात तेवढा फरक पोट आणि किडनी सोसत नाहीत.

औषध बंद ठेवण्याचीही किंमत असते, हे मात्र कुणी सांगत नाही. दुखतं म्हणून ती हलत नाही, हलत नाही म्हणून मांडीचे स्नायू झडतात, स्नायू झडले की सगळा भार उघड्या सांध्यावर येतो, आणि वजन वाढतं. शिवाय महिनोन्महिने दुखत राहिलं की मज्जासंस्थाच वेदनेला जास्त संवेदनशील होते. मग साधा स्पर्शही झोंबतो आणि एका औषधाने भागत नाही. अशा वेळी मी गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध जोडते. सुरुवातीचे काही दिवस कुत्रं झोपाळू राहतं, नंतर सरावतं. ते एकदम बंद करायचं नसतं. माणसांच्या गॅबापेंटिनच्या काही द्रव औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे, म्हणून कॅप्सूलच. ट्रॅमाडॉल हे दुसरं वेदनाशामक पुष्कळ लिहिलं जातं, पण तोंडावाटे दिलेलं ट्रॅमाडॉल कुत्र्यांच्या संधिवातावर फारसं चालत नाही. मी ते लिहिणं सोडून दिलंय.

आयुष्य कमी होईल का, याचं उत्तर गोळीपेक्षा वजनकाट्यावर जास्त अवलंबून आहे. लॅब्राडोर मादीचं वजन साधारण 25 ते 32 किलो असावं. टफी 39. अमेरिकेत 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. पोटभर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13. आणि कमी खाणाऱ्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. आता टफीचं लहानपण परत येणार नाही, पण लठ्ठ आणि लंगड्या कुत्र्यांचं वजन 6 टक्क्यांच्या आसपास उतरलं, तरी लंगडणं मोजता येईल इतकं कमी होतं. टफीच्या बाबतीत हे अडीच किलोच्या आत आहे.

तुम्ही लिहिलंय की ती 'दोन वेळा थोडंसंच' खाते. मी विश्वास ठेवते. पण सकाळच्या चहाबरोबर आईंच्या हातचं ग्लुकोजचं बिस्किट, तुपाची पोळी, मुलांच्या डब्यातला उरलेला पराठा, वडिलांचा टोस्ट, हे त्या दोन वेळांत धरलं जात नाही. एक आठवडा असं करा: सकाळी तिचा दिवसभराचा सगळा खाऊ एका डब्यात काढून ठेवा. घरातल्या कुणालाही तिला काही द्यायचं असेल तर त्याच डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. लाड करायचे असतील तर काकडी, गाजर, उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचं. द्राक्षं-मनुका आणि कांदा-लसूण अजिबात नाही. दर पंधरा दिवसांनी वजन करा, दवाखान्यात काटा असतो.

हळद आणि पूरक गोळ्यांबद्दलही विचारलंत. जेवणात चिमूटभर हळद असू द्या, पण ती फार कमी शोषली जाते, गोळीची जागा घेणार नाही. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर लोक पुष्कळ पैसे घालतात आणि पुरावा कमजोर आहे. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर माशाच्या तेलातलं ओमेगा-3 घ्या, मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून. कॉडलिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं, ते नको.

आता घर. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय इथे आहे. आपल्या फ्लॅटमधली गुळगुळीत टाइल दुखऱ्या खुब्याला फार वाईट. उठताना मागचे पाय बाहेर घसरतात, प्रत्येक घसरणीत सांधा ताणला जातो, आणि कुत्रं उठायलाच घाबरतं. ती झोपते तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅटची वाट करा. जुने योगा मॅट कापून चालतात. सतरंजी नको, ती स्वतःच सरकते. पंज्याखालच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापा, नखं आखूड ठेवा. जेवणाचं भांडं छातीच्या उंचीवर ठेवा. झोपायला जाड गादी द्या, जी तिच्या वजनाने फरशीला टेकत नाही. लॅब्राडोरला उकडतं, ती मुद्दाम फरशीवर जाऊन झोपेल. जाऊ द्या, पण पावसाळ्यात आणि थंडीत रात्री गादीवर घ्या.

जिन्याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तळमजल्यावर कुणी नातेवाईक असतील तर पावसाळ्यापुरती ती तिथे राहिली तरी चालेल. नाहीतर दिवसाच्या फेऱ्या कमी करा. गॅलरीत किंवा गच्चीत शू-शीची सोय करता आली तर एक फेरी वाचते. उतरताना-चढताना एक मोठा पंचा पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढे घ्या आणि दोन्ही टोकं वर धरा. उचलायचं नाही, फक्त मागचा भार निम्मा घ्यायचा. प्रत्येक मजल्यावर थांबा. आणि हे करताना तुमच्या कंबरेकडेही बघा, 39 किलो थोडं नाही.

फिरणं बंद करू नका. रोज थोडं थोडं, दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीनदा, पट्ट्यावर, सपाट जागी, सारख्या वेगाने. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडीवर, हे सगळ्यात वाईट. सोमवारी लंगडणारी कुत्री माझ्याकडे ठरलेली असतात. चेंडू फेकणं, गाडीतून उडी मारणं, दोन पायांवर उभं राहून स्वागत करणं, हे थांबवा. बाहेर जाण्याआधी खुब्यांवर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं धरा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तुम्हाला चटका वाटला तर तिलाही बसेल, फक्त ती सांगणार नाही.

शस्त्रक्रियेबद्दल आत्ता बोलत नाही. या वयात आणि या वजनाला तो पहिला पर्याय नसतो. पण वजन उतरवून आणि औषधं जोडूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर दुसरं मत घ्या. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तज्ज्ञ भेटतात आणि खर्चही आटोक्यात राहतो.

वडिलांनी 'तिचे हाल करू नका' असंही म्हटलंय, ते मी दुर्लक्षित करणार नाही. तो प्रश्न एक दिवस खरंच येईल. मी मालकांना कॅलेंडर ठेवायला सांगते. ज्या दिवशी ती स्वतः उठली, जेवली, दारात कुणी आलं तर शेपटी हलवली, त्या दिवशी खूण. औषध पूर्ण असूनही महिन्यातले बिनखुणेचे दिवस जास्त झाले की आपण बसून बोलायचं. टफी त्या टप्प्यावर नाही. आठवडाभराच्या औषधावर दारात धावलेल्या कुत्रीवर अजून पूर्ण उपचारच झालेले नाहीत.

या आठवड्यात तीन गोष्टी करा. डॉक्टरांना सरळ सांगा की भीतीने औषध थांबवलं होतं, आणि पुन्हा सुरू करण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्या. आज घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-मलमांची यादी न्या, माणसांच्यासुद्धा. आणि पहाटे ती झोपेतून उठतानाचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यातल्या गडबडीत आणि नव्या वासांत कुत्री बरेचदा लंगडतच नाहीत, आणि मग डॉक्टरांना दुखणं दिसतच नाही.